लेव्हलची नळी

सांगलवाडीतलं घर स्वस्तात मिळालं,
कारण नदीला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.
दोन खोल्या, पडवी, मंगलोरी कौलं,
संडासाच्या दाराला कडीऐवजी सुतळी.
जिनगोंडा मास्तरांनी किल्ली देताना
भिंतीकडं पाठच केली होती.
एवढंच म्हणाले,
"कपाटाचा खालचा कप्पा कधी भरू नका."

मिस्त्रीचा आकडा ऐकला
आणि मी मिस्त्री सोडून सगळ्यांना फोन केले.
रविवारी भरतेश आला,
स्कूटरवर पायांत सिमेंटची अर्धी गोणी घेऊन.
नसीमा तिच्या शाळेतली उंच शिडी घेऊन,
शिपायाला न विचारता.
दाजी कोळेकर आला, नुसते सल्ले घेऊन.
आणि उज्ज्वला.

उज्ज्वला माझ्याशी अडीच वर्षं बोलत नव्हती.
भिशीच्या पैशांवरून.
चूक कुणाची, ते आता मलाही नीट सांगता यायचं नाही.
तिला कुणी बोलावलं, कुणीच कबूल केलं नाही.
तिनं डोक्याला ओढणी बांधली,
पर्समधून स्वतःचा पॉलिश पेपर काढला
आणि मागच्या खिडकीला भिडली.

भिंत खरवडली की रंग निघतात.
पिस्त्याखाली गुलाबी,
गुलाबीखाली नीळ घातलेला चुना,
चुन्याखाली पेन्सिलीनं दुधाचा हिशेब:
सोम अर्धा, मंगळ अर्धा, बुध पाऊण कारण पाहुणे,
गुरुवार खाडा.
"एवढं राहू दे," नसीमा म्हणाली.
"राहू दे, राहू दे म्हणत सगळी भिंतच राहील," दाजी.
आम्ही फक्त गुरुवार ठेवला.

आणि ती रेघ.
माझ्या डोळ्यांएवढ्या उंचीवर
चारी भिंतींवरून फिरलेली, तपकिरी,
कितीही हात मारले तरी चुन्यातून वर येणारी.
सांगलीत तिला कुणी कसली म्हणून विचारत नाही,
कुठल्या सालातली एवढंच विचारतात.

विजेचे बोर्ड बसवायचे तर लेव्हल काढायला हवी.
भरतेशनं पारदर्शक नळी सोडवली,
तांब्यानं पाणी भरलं,
बुडबुडे टिचक्या मारून घालवले.
एक टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं, जवळच होती म्हणून, उज्ज्वलाच्या.
खोलीच्या दोन कोपऱ्यांत आम्ही दोघी,
मधे जमिनीवर लोळणारं पाणी.

"हलू नका गं, थांबू दे त्याला!"
तिच्याकडं उतरलं की माझ्याकडं चढायचं,
मी श्वास सोडला तरी हलायचं.
मग हळूहळू कंटाळल्यासारखं थांबलं.

"तुझ्याकडं किती?"
अडीच वर्षांतलं पहिलं वाक्य.
"रेघेवर."
"माझ्याकडंपण."

खूण करायचं कामच उरलं नाही.
नदीनं मारलेली रेघ सुताभरही चुकली नव्हती.
आमचं प्लास्टर मात्र दारापाशी फुगलेलं,
आणि दाजीच्या फरशीवर लिंबू ठेवलं
तर ते आपलं आपण न्हाणीकडं जायचं.
भरतेश कमरेवर हात ठेवून बघत राहिला.
"हात साफ हाय बाईचा," म्हणाला,
आणि सगळे बोर्ड हातभर वर घेतले.

दुपारी भडंग, भरतेशपुरतं बिनकांद्याचं.
उज्ज्वलानं शेंगदाणे वेचून आधी खाल्ले,
पूर्वी खायची तसेच.
भिशीचा विषय कुणी काढला नाही.
अजूनही काढलेला नाही.

आता मोबाइल चार्ज करायला मला स्टूल लागतं.
पुढचं दार घासतं,
खालून गुडघा द्यावा लागतो.
ऑगस्टात, कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली
की सगळ्यांत आधी उज्ज्वलाचा फोन येतो.
"आयर्विनला किती?"
मी फूट सांगते.
"आणि तुझ्याकडं?"
"पायरीच्या खाली आहे."
ती ठेवत नाही लगेच.
मीही कानाला लावून उभी राहते,
न हलता, शिडीला टेकून.
शाळेची शिडी अजून इथंच आहे.